मॅग्नम काडतुसाची लिव्हर अॅक्शन रायफल घेताना काय बघायचं

अमेरिकेतले आपले बरेच लोक आता रेंजवर जातात, काही जण सीझनमध्ये हरणाच्या शिकारीलाही जातात, आणि बोल्ट अॅक्शन (बाजूचा दांडा मागे-पुढे करून भरायची) झाली की पुढचं मन लिव्हर अॅक्शनवर (चापाखालची कडी खाली-वर करून पुढचं काडतूस भरायची) येतं. त्यातही रिव्हॉल्व्हरचं दणदणीत काडतूस खाणारी, म्हणजे .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम, .४५ कोल्ट वगैरे. कल्पना जुनीच आहे, विंचेस्टरची १८७३ ची रायफल .४४-४० मध्ये होती आणि नंतर कोल्टने त्याच काडतुसात रिव्हॉल्व्हर काढलं, कमरेच्या एकाच पट्ट्यातली काडतुसं दोन्हीत चालायची. आजही तो फायदा खरा आहे, पण दुकानात पितळी फ्रेम चमकताना बघून कार्ड पुढे करण्याआधी थोडं थांबा.

पहिली गोष्ट, ही १०० यार्डांची रायफल आहे, फार तर सव्वाशे. रुंद, बोथट गोळी लवकर मंदावते. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी रायफलच्या नळीतून साधारण १७५० फूट प्रति सेकंदाने निघते आणि १०० यार्डांवर चौदाशेच्या खाली येते, पुढे २०० ला गेलात तर फूटभराहून जास्त खाली पडते. झाडीत, ओढ्याकाठी, ५०-८० यार्डांवर हरण निघतं तिथे मला तरी हीच रायफल हवी, हलकी आणि पटकन खांद्याला येणारी, पण मोकळ्या शेतात लांबचा नेम धरायचा असेल तर हा विषयच सोडा आणि .३०८ वगैरे रायफलचं काडतूस बघा.

आता काडतूस, कारण खरा निर्णय हाच आहे, कंपनी नंतर. .३५७ माझ्या मते बहुतेकांसाठी बरोबर. धक्का कमी, आणि त्यातच .३८ स्पेशल चालतं त्यामुळे प्रॅक्टिस स्वस्तात होते, घरातल्या नवशिक्यालाही देता येते. लांब नळीचा सगळ्यात जास्त फायदाही यालाच, १५८ ग्रेनची गोळी रिव्हॉल्व्हरमधून साधारण १२५० ने जाते ती रायफलमधून १८०० च्या आसपास जाते. जवळून हरणाला पुरतं, पण नेम नीट पाहिजे. हरण हेच मुख्य काम असेल किंवा काळं अस्वल, रानडुक्कर डोक्यात असेल तर सरळ .४४ घ्या, त्यात .४४ स्पेशलही चालतं. .४५ कोल्ट मला आवडतं पण ते घरी काडतुसं भरणाऱ्यांचं काडतूस आहे, बाजारातला माल बहुतेक जुन्या बंदुका धरून मवाळ भरलेला असतो (नळीतला मानक दाब १४,००० पीएसआय, म्हणजे पौंड प्रति चौरस इंच, .४४ मॅग्नमचा ३६,०००). आणि .४५ कोल्टचा +पी (जास्त दाबाचा) किंवा जड लोड विंचेस्टर १८७३ च्या प्रतिकृतीत कधीच घालू नका, तिची बोल्ट अडवणारी टॉगल (गुडघ्यासारखी दुमडणारी) जोडणी त्यासाठी नाही. .४५४ कसुलचा दाब ६५,००० पर्यंत जातो, अलास्कात मोठ्या अस्वलांच्या भागात फिरणार असाल तरच विचार करा, ओहायोच्या हरणाला त्याची काही गरज नाही.

गोळी निवडताना लोक एक गोष्ट विसरतात. रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेली हलकी हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ गोळी) रिव्हॉल्व्हरच्या वेगाला उघडायची म्हणून बनवलेली असते, रायफलमधून ती इतक्या जोरात जाते की वरच्यावरच फुटते, आत खोल जात नाही. शिकारीला जड सॉफ्ट पॉइंट (टोकाला उघडं शिसं) नाहीतर हार्ड कास्ट (कडक शिशाची ओतीव गोळी) घ्या. आणि टोकदार गोळी ट्यूब मॅगझिनमध्ये (नळीखालची ट्यूब, जिच्यात काडतुसं एकामागे एक बसतात) अजिबात नाही, कारण तिथे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडाची ठिणगी देणारी टोपी) टेकलेलं असतं आणि धक्का बसला की ट्यूबमध्येच स्फोट होऊ शकतो. सपाट नाकाची गोळी घ्या, किंवा हॉर्नेडीची रबरी टोकाची, ती याच कामासाठी आहे.

कंपन्यांबद्दल. मार्लिन १८९४ मधून झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाजूने बाहेर पडते, वरचा भाग सपाट, त्यामुळे स्कोप किंवा रेड डॉट सहज बसतो. मार्लिन आता रुगरकडे आहे, २०२० मध्ये रेमिंग्टनच्या दिवाळखोरीत त्यांनी घेतली आणि नव्या बंदुकांचं काम नीटनेटकं आहे. जुनी वापरलेली मार्लिन घेत असाल तर लिव्हर उघडून काडतूस वर उचलणारा तुकडा, म्हणजे कॅरियर, टॉर्च मारून बघा. लिव्हरची धारदार कड त्याच्या खालच्या बाजूला घासून खाच पाडते, मग तो नीट वर येत नाही, दुसरं काडतूस त्याच्याखाली घुसतं आणि सगळं अडकून बसतं. खाच दिसली तर भाव पाडा नाहीतर सोडून द्या. रॉसी आर९२ ब्राझीलची, ब्राउनिंगच्या १८९२ च्या डिझाइनवर, दोन उभे लोखंडी अडसर (लग) बोल्ट पक्का अडवतात म्हणून मजबूत, वजनाला हलकी, किमतीला परवडणारी, पण पुंगळी वरून उडते त्यामुळे स्कोपचं अवघड आणि फिनिशिंग कसं आहे ते समोरचा पीस बघूनच ठरवायचं. .४४ मध्ये ही हलकी रायफल खांद्याला चांगलीच लागते. हेन्री बिग बॉय गुळगुळीत चालते, पण पितळी फ्रेम आणि अष्टकोनी नळीची साडेआठ पौंडांच्या घरात जाते, दिवसभर डोंगर चढायचा असेल तर स्टीलवाली बघा. साइड गेट (काडतूस आत ढकलायचं बाजूचं स्प्रिंगचं दार) असलेलीच हेन्री घ्या, त्यात गेटमधून भरता येतं आणि ट्यूब मॅगझिनची आतली नळी पुढून काढून रिकामीही करता येते. नुसतं गेट असलेल्या रायफली रिकाम्या करायला प्रत्येक काडतूस चेंबरमधून (नळीच्या मागची, काडतूस बसायची जागा) लिव्हर चालवून काढावं लागतं, तेव्हा नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर.

दुकानात परवानगी घेऊन डमी (दारू-प्रायमर नसलेली खोटी) काडतुसं घालून लिव्हर चालवून बघा, हळू नाही, पूर्ण आणि जोरात, कारण अर्धवट चालवली की ती अडकते आणि दोष बंदुकीवर येतो. गेटची स्प्रिंग अंगठ्याने दाबून बघा, काहींची इतकी कडक असते की पाच-सहा काडतुसांत नखाखालची कातडी सोलते. .३५७ घेत असाल तर .३८ च्या लांबीचे डमीही चालवा, सगळ्या रायफलींना आखूड काडतूस तितकंसं मानवत नाही. नळी १६ ते २० इंचात हाताला येईल ती.

कायद्याचं आधी बघून घ्या. एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक विकत घेता येत नाही, अपवाद आहेत, नेहमीचा अपवाद म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (बंदूक मालकाचं राज्याचं ओळखपत्र) लागतं, न्यू जर्सीत पर्चेसर आयडी कार्ड, आणि न्यू जर्सीत हरणाला ही रायफल चालतच नाही, तिथे शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) नाहीतर धनुष्य. ओहायोने २०१४ पासून सरळ भिंतीच्या (ज्यांची पुंगळी वर मानेसारखी आवळलेली नसते अशा) काडतुसांना हरणासाठी परवानगी दिली, त्यात ही सगळी बसतात, पण मॅगझिन आणि चेंबर मिळून तीनच काडतुसं, तुमच्या ट्यूबमध्ये दहा मावत असली तरी. नियम दर वर्षी बदलतात, त्या सीझनचं पुस्तक वाचल्याशिवाय निघू नका.

बजेट ठरवताना लॉक होणारं कपाट आणि काडतुसांचे डबे त्यातच धरा, घरात मुलं असतील तर कपाट रायफलच्या आधी. आणि जे काडतूस शिकारीला वापरणार त्याचाच एक डबा सीझनच्या आधी रेंजवर झाडून ५०, ७५ आणि १०० यार्डांवर गोळी कुठे पडते ते लिहून ठेवा.