बाटली किती उंच धरली होती?

इंटर्नशिप संपवून नुकतेच बाहेर पडलेले पशुवैद्य मला अधूनमधून फोन करतात. कुणी शिरवळच्या कॉलेजचं, कुणी परभणीच्या, कुणी उदगीरच्या. साडेचार वर्षं शिक्षण, वर्षभर इंटर्नशिप, हातात पदवी, राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी झालेली. पहिला प्रश्न पगाराचा असतो, दुसरा गावाचा. मी त्यांना उलट विचारतो, तिथं रात्री अकराला अडलात तर फोन कोण उचलेल? नाव सांगता येत नसेल तर दोन पैसे कमी घ्या, पण दुसरी जागा बघा.

हे मी माझ्या पहिल्या वर्षावरून सांगतो. माण तालुक्यातल्या एका वस्तीवर रात्री बोलावणं आलं. संकरित गाय, चौथं वेत, आदल्या दिवशी व्यालेली. मान कुशीकडे वळवून बसली होती, कान गार, नाकपुडी कोरडी, सकाळपासून शेण नाही. मिल्क फिव्हर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाणं, हे गोठ्याच्या दारातूनच कळत होतं आणि मला मनातून आनंद झाला होता, कारण पुस्तकातलं पान जसंच्या तसं समोर बसलं होतं. शिरेतून कॅल्शियम गेलं की गाय ढेकर देते, अंग थरथरतं, शेण टाकते आणि बघता बघता उठून उभी राहते. मालकाच्या डोळ्यांदेखत असा गुण येणारे आजार फार थोडे.

मी मानेची शीर धरली, जाड सुई घातली आणि बाटली मालकाच्या मुलाच्या हातात दिली. पोरगा उंचापुरा, त्यानं हात सरळ वर केला. मी खाली बसून सुई सांभाळत होतो. स्टेथोस्कोप बॅगेत होता. पाऊण बाटली गेली असेल, गाय एकदम ताणली, पाय झाडले आणि मान टाकली. घरातल्या आजींनी जुनं लुगडं आणून तिच्या तोंडावर टाकलं आणि वासराला दुसऱ्या दावणीला बांधायला गेल्या. मला कुणी एक शब्द बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या दवाखान्यात आमच्या वरिष्ठांसमोर उभा राहिलो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “बाटली किती उंच धरली होती?” मी हात वर करून दाखवलं. ते उठले, रिकाम्या बाटलीत पाणी भरलं, तीच नळी, तीच सुई लावली, खाली बादली ठेवली. आधी बाटली डोक्याच्या वर धरली, मग गाईच्या पाठीपेक्षा वीतभरच उंच. “घड्याळ बघ,” म्हणाले. दोन्ही वेळा बाटली रिकामी व्हायला किती वेळ लागला ते मी मोजलं. काय झालं होतं ते मला त्या बादलीपाशी समजलं: बाटली उंच, म्हणून कॅल्शियम भरभर गेलं आणि त्यानं हृदय थांबलं. मग त्यांनी करायचं कसं ते सांगितलं. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची. दहा-पंधरा मिनिटांच्या आत ती संपता कामा नये. एक हात सुईवर, स्टेथोस्कोप कानात, आणि ठोका अडखळला की नळी चिमटीत दाबून थांबायचं. मन धजत नसेल तर निम्मी शिरेतून आणि निम्मी कातडीखाली.

त्यांनी “असं कसं केलंस?” विचारलं असतं तर मी सबबी सांगितल्या असत्या आणि पुढच्या वेळी चूक लपवली असती. किती उंच, किती वेळात, कुठल्या बाजूला, या प्रश्नांना सबब चालत नाही. माझ्या हाताखाली येणाऱ्यांना मी आजही याच पद्धतीनं विचारतो. सिनियर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, नव्या पोरांना आपल्या हातून दगावलेल्या जनावरांबद्दल सांगा. वाचवलेल्यांच्या गोष्टी ती गावातून ऐकतातच.

काही गोष्टी मात्र चुकून शिकायच्या नसतात. त्यांतली पहिली रेबीज. “डॉक्टर, गाईच्या घशात काहीतरी अडकलंय, लाळ गळतेय, पाणी पीत नाही,” असा फोन आला की नव्या डॉक्टरचा हात थेट तोंडात जातो. थांबा. आधी लांब उभं राहून बघा. हंबरडा घोगरा झालाय का? विनाकारण ओरडतेय का? दोन-तीन महिन्यांत वस्तीवर पिसाळलेलं कुत्रं फिरलं होतं का? शेतकरी हे आपणहून सांगत नाही, कारण कुत्रं आपल्या गाईला चावलं असेल असं त्याला वाटतच नाही. पहिल्या पगाराची वाट न बघता रेबीजची प्रतिबंधक लस घ्या, तीन डोस, 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. माझ्याकडे येणाऱ्यांना लस झाल्याशिवाय मी केसला नेत नाही.

दुसरी ब्रुसेला, गाई गाभडवणारा आणि माणसालाही होणारा जंतूंचा रोग. अडकलेली वार उघड्या हातानं काढण्यात आमच्या पिढीला मोठेपणा वाटायचा. गाभण गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली असेल तर खांद्यापर्यंतचे हातमोजे घाला, मालक कितीही घाई करो. या रोगानं महिनोन्‌महिने ताप आणि सांधेदुखी काढलेले सहकारी मी पाहिले आहेत. कालवडींना टोचायची लस जिवंत जंतूंची असते, तेव्हा ती भरतानाही सुई स्वतःला लागू देऊ नका.

औषधांचं थोडक्यात सांगतो. अँटिबायोटिक टोचल्यावर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही हे केसपेपरवर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत विसरलं जातं. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर जनावरांसाठी 2006 पासून बंदी आहे, ते टोचलेल्या मढ्यावर आलेली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. कुणी माणसांच्या दुकानातून आणून हातात दिलं तरी नाही म्हणा. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम आहे.

माझ्याकडे अलीकडे शिकायला असलेल्या एका मुलीबरोबर म्हशीच्या केसला गेलो होतो. दिवस भरलेले, कळा येऊन थांबलेल्या. मालक तिच्याकडे न बघता मला म्हणाले, “साहेब, तुम्हीच हात घाला. पोरीला म्हैस आवरायची नाही.” मी हात मागे बांधून म्हणालो, “मॅडम सांगतील तसं करू.” हे म्हणणं सोपं नव्हतं. बारा तास उलटून गेले होते आणि माझे हात शिवशिवत होते. पण त्या गोठ्यात मी एकदा हात घातला असता, तर त्या गावानं तिला पुन्हा कधी बोलावलं नसतं.

तिनं हात घातला, डोळे मिटले आणि आतल्या घड्या कुठल्या बाजूला वळतात ते बोटांनी चाचपत राहिली. “सर, गर्भाशयाला पीळ आहे. उजवीकडे.” म्हशीला उजव्या कुशीवर पाडलं, पाय बांधले, कुशीवर लांब फळी तिरकी टेकवून तिच्यावर एक माणूस उभा केला आणि म्हैस उजवीकडेच लोळवली. तिनं पुन्हा तपासलं, पीळ तसाच. मालक माझ्या तोंडाकडे बघत होते, मी तिच्याकडे. तिनं फळी थोडी मागे सरकवून घेतली आणि पुन्हा लोळवायला लावलं. या वेळी पाणी भसकन आलं आणि हात कोपरापर्यंत मोकळा आत गेला. रेडकू मेलेलं होतं. म्हैस तासाभरात उठून वैरणीला लागली.

गाडीत बराच वेळ ती गप्प होती. दहिवडीचा फाटा आल्यावर म्हणाली, “सर, पहिल्यांदा माझी फळी चुकली होती ना?”

“कुठं होती?” मी विचारलं.

तिनं आपल्याच बरगडीवर तळहात ठेवला आणि मग चार बोटं मागे सरकवला.