युरोपला नट-बोल्ट पाठवताय? कार्बनचा हिशोब कॉइलपासून सुरू करा

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, कुठेही जा, हल्ली एकच रडगाणं ऐकू येतं, "अरे त्या जर्मनीवाल्याचा मेल आलाय, एमिशन डेटा मागतोय, काय भरू?" आणि बऱ्याच ठिकाणी तो मेल सरळ सीएला फॉरवर्ड होतो. सीए बिचारा काय करणार, त्याच्याकडे बॅलन्सशीट आहे, भट्टीचं गॅस मीटर नाही. मी फास्टनरच्या लाइनमध्ये एक्स्पोर्टचे कागद बघतो म्हणून उदाहरण बोल्टचंच घेतो, बाकीच्यांनी आपापल्या मालाला लावून बघा.

आधी थोडक्यात भानगड काय ते. युरोपचा सीबॅम, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर कार्बनचे पैसे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसते रिपोर्ट भरायचे होते, १ जानेवारी २०२६ पासून खरंखुरं मीटर सुरू झालंय. पैसे तिकडचा इम्पोर्टर भरतो, २०२६ मध्ये उतरलेल्या मालाची सर्टिफिकेटं तो फेब्रुवारी २०२७ पासून विकत घेणार आणि डिक्लेरेशन ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत देणार. पण तो काय स्वतःच्या खिशाला चाट लावून घेणारे का, पुढच्या ऑर्डरला रेट पाडून मागणार हे उघड आहे.

पहिलं काम, इनव्हॉइसवरचा मालाचा कस्टम्स कोड (एचएस कोड) बघा. ७३१८ म्हणजे नट, बोल्ट, स्क्रू, हे यादीत आहेत. ७३२६ मध्ये जाणारा माल, फोर्जिंगवाले ऐकताय ना, तोही आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी मात्र उगाच घाबरू नका, ७३२५ मधलं कास्टिंग सध्या यादीत नाही, पण कास्ट पाइप फिटिंग ७३०७ मध्ये जात असेल तर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने यादी पुढच्या तयार मालापर्यंत वाढवायचा प्रस्ताव मांडलाय, तेव्हा यादी अधूनमधून बघत राहा.

मग ५० टनांची सूट. ही ऐकून बरेच जण निवांत होतात, "आपला तर वर्षाला एकच कंटेनर जातो". अहो, ही मर्यादा तुमची नाही, तुमच्या इम्पोर्टरची आहे, त्याने जगभरातून वर्षात आणलेला सगळा सीबॅमचा माल मिळून. त्यालाच सरळ विचारा की तू ५० च्या वर आहेस का खाली.

आता खरा मुद्दा. बोल्टच्या नावावर लागणारा बहुतेक कार्बन तुमच्या शेडमध्ये तयार होतच नाही, तो वायर रॉडच्या कॉइलबरोबर (ज्या जाड तारेच्या गुंडाळीतून बोल्ट बनतो ती) ट्रकमधून गेटच्या आत येतो. हिशोब करून बघू, आकडे समजण्यापुरते धरलेत. १ टन बोल्टला कॉइल लागली १.०८ टन (स्क्रॅपचं वजन वजा करायचं नाही हं, जेवढी कॉइल वापरली तेवढी सगळी धरायची, इथे हमखास चूक होते). स्टील मिलचा आकडा टनाला २.३ टन सीओटू धरला तर झाले २.४८. हार्डनिंग-टेम्परिंगला (बोल्ट भट्टीत तापवून कडक करायला) पीएनजी लागला ६० घनमीटर, घनमीटरला साधारण २ किलो म्हणजे ०.१२. एकूण २.६. म्हणजे भट्टीवर जीव काढून १० टक्के गॅस वाचवला तरी या आकड्यात जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक, आणि कॉइल बदलली तर खेळच बदलतो.

तेव्हा परचेसवाल्याला कामाला लावा. मिलच्या टीसीबरोबर (टेस्ट सर्टिफिकेट) एमिशनचा आकडा मागा, कुठल्या रूटचं स्टील आहे ते मागा, ब्लास्ट फर्नेस का इलेक्ट्रिक. इलेक्ट्रिक म्हटलं की लगेच खूश होऊ नका, आपल्याकडे भट्टीत स्क्रॅपबरोबर कोळशावर बनवलेलं स्पंज आयर्न टाकतात आणि त्याचा कार्बन भरपूर असतो, म्हणून स्पंज किती टक्के हे विचाराच. स्टॉकिस्टकडून माल घेत असाल तर हीट नंबरवरून (स्टीलच्या घाण्याचा नंबर) मिलपर्यंत पोचावं लागेल, कटकट आहे, पण आकडा नाही मिळाला तर इम्पोर्टर डिफॉल्ट व्हॅल्यू, म्हणजे युरोपने ठरवून दिलेला सरसकट आकडा, लावणार आणि तिच्यावर स्टीलला २०२६ साठी १० टक्के, २०२७ ला २० आणि २०२८ पासून ३० टक्के जास्तीची भर आहे.

आणि "२०२६ ला फक्त अडीच टक्केच लागतं" असं कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. अडीच टक्के कपात होते ती फुकट मिळणाऱ्या बेंचमार्कमध्ये, म्हणजे टनामागे जेवढ्या कार्बनचे पैसे लागत नाहीत त्या भागात. बेंचमार्क १.४ धरा, त्यातून अडीच टक्के गेले, उरले १.३६५. तुमचे २.६, तर वरचे १.२३५ टन पूर्ण दराने लागणार. ७५ युरोचा दर धरला तर टनाला जवळपास ९३ युरो, आणि तो अडीच टक्केवाला मनातल्या मनात ५ युरो धरून बसलेला असतो. २०३४ पर्यंत फुकटचा भाग शून्यावर येणार आहे. हां, बेंचमार्क रूटप्रमाणे वेगळा आहे, स्क्रॅपवाल्या स्टीलचा खूप खाली, त्यामुळे स्वच्छ कॉइलचा फायदा पहिल्या वर्षी सगळा दिसत नाही, वर्षागणिक वाढत जातो. रेट ठरवताना हे डोक्यात ठेवा.

सोलरबद्दल बोलायलाच हवं कारण विकणारे दारात उभेच असतात. स्टील आणि अॅल्युमिनियमला सीबॅममध्ये सध्या विजेचा कार्बन पैशात धरत नाहीत. छपरावर पॅनल जरूर लावा, महावितरणचं बिल कमी होईल, पण त्याने बोल्टवरचा एक युरोसुद्धा कमी होणार नाही. तसंच बाजारातून घेतलेली ऑफसेट क्रेडिट्स तिकडे चालत नाहीत.

स्वतःच्या आकड्यांसाठी एक एक्सेल शीट पुरते, फक्त ती जानेवारी ते डिसेंबर ठेवा, आपली एप्रिल-मार्चची सवय इथे नडते. भट्टीच्या गॅसला वेगळं मीटर बसवा, जनरेटरचं डिझेल वेगळं लिहा (लिटरला साधारण २.७ किलो). खरे आकडे द्यायचे तर मान्यताप्राप्त व्हेरिफायरची सही लागते आणि पहिल्यांदा तो कारखान्यात येऊन बघतो, म्हणून गॅसची बिलं, कॉइलचे टीसी, हीट ट्रीटमेंटचं लॉगबुक एका फाइलमध्ये असू द्या. सीबॅम रजिस्ट्रीत कारखान्याची नोंदणी स्वतः करता येते, मग हवा तो इम्पोर्टर निवडून त्यालाच डेटा दाखवायचा, प्रत्येकाला वेगळी एक्सेल पाठवत बसायला नको.

फायदा कुठे, तर इथेच. शेजारचा डिफॉल्टवर माल पाठवतोय आणि तुमच्याकडे व्हेरिफाय केलेला कमी आकडा आहे, तर इम्पोर्टरचे टनामागे वाचणारे युरो तुम्हाला माहितीयेत, त्यातला वाटा कोटेशनमध्ये मागा. न मागता कोणी देत नाही.

आपल्याकडेही सीसीटीएस, म्हणजे भारताची स्वतःची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना, येतंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, अॅल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि पेपरच्या २८२ कारखान्यांना टार्गेटं लागली, स्टीलही योजनेतल्या नऊ सेक्टरमध्ये आहे. बोल्टवाल्याला टार्गेट नाही, पण मिलला आलं की तो खर्च कॉइलच्या रेटमध्ये येणारच. मूळ देशात खरोखर भरलेली कार्बनची किंमत सीबॅममधून वजा करता येते, तेव्हा मिलकडून त्याचा कागद मागायची सवय आत्तापासून लावा. भट्टी बदलायचीच असेल तर बीईईची (केंद्राचा ऊर्जा बचतीचा विभाग) एडीईईटीआयई योजना बघा, सूक्ष्म-लघु उद्योगाला व्याजात ५ टक्के, मध्यमला ३ टक्के सवलत आहे, पण तुमचं क्लस्टर त्यात बसतं का ते आधी विचारून घ्या.

आणि इंग्लंडचे कस्टमर असतील तर त्यांचा स्वतःचा सीबॅम १ जानेवारी २०२७ पासून आहे, त्यांचा मेल येईल तेव्हा निदान शीट तरी तयार असेल.