जुन्या मेसीच्या गिअरबॉक्सचं ऑइल सील बदलताना या चुका टाळा

मेसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर किंवा तिच्याच घराण्यातली आपल्याकडची १०३५ वाकून खालून पाहा. बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या कवचाच्या, बुडाला एक भोक असतं आणि त्यात सैल स्प्लिट पिन लोंबत असते. त्या पिनेवरून तेल ठिबकायला लागलं की काही जण भोकात लाकडी खुंटी ठोकून मोकळे होतात. याइतकी महागात पडणारी दुसरी चूक नाही. हादऱ्याने ती पिन हलत राहते, म्हणून भोक चिखलाने बुजत नाही. भोक बंद केलं की तेल आतच साचतं आणि क्लच प्लेट भिजवतं.

सील म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती बसून तेल अडवणारी रबरी ओठाची कडी. ते आणायला धावण्याआधी तेल कुठलं ते बघा. इंजिनचं मागचं सील गेलं तरी तेल याच भोकातून येतं. बोटावर घ्या: काळं असेल तर इंजिनचं, पिवळसर असेल तर गिअरबॉक्सचं. दुधाळ दिसलं तर गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलंय, म्हणजे दुखणं एकटं नाही. पातळीही तपासा, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून. तेल खुणेच्या वर भरलेलं असेल किंवा ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारं तोंड) मातीने बुजला असेल, तर चांगलं सीलही गळतं. ही तपासणी फुकट आहे. ट्रॅक्टर मधून फोडण्याची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करण्याची, मजुरी फुकट नाही.

फोडायचाच असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलकडे आधी बघा. तो मधल्या एका पिनेवर झुलतो. मागचा आधार सुटला की इंजिन कुठल्याही बाजूला कलंडू शकतं. म्हणून बोल्ट सैल करण्यापूर्वी अ‍ॅक्सल आणि सपोर्टच्या मध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट बसवा. खाली जॅकसोबत जाड ओंडके द्या. विटा नकोत, त्या न सांगता फुटतात.

आता खरी मेख. ड्युअल क्लचच्या, म्हणजे चाकांना आणि पीटीओला (मागची अवजारं फिरवणारा जोड) वेगळी क्लच प्लेट असलेल्या गाडीत पीटीओचा शाफ्ट पोकळ असतो आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट त्याच्या पोटातून जातो. म्हणजे सीलं दोन. एक बाहेरचं मोठं, दुसरं पोकळ शाफ्टच्या आत दडलेलं छोटं. मोठं डोळ्यांसमोर असतं, म्हणून तेवढंच बदललं जातं. छोट्यातून तेल दोन शाफ्टच्या फटीतून पुढे येतं आणि सगळं काम पाण्यात जातं.

नवं सील बसवण्याआधी शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकलं तर जुन्या सीलच्या ओठाने तिथे खाच पाडलीय. तिथेच नवं सील बसवलं तर ते गळणारच. जागा असेल तर सील थोडं पुढे-मागे बसवा, नाहीतर रिपेअर स्लीव्ह, म्हणजे खाच झाकणारी पातळ धातूची नळी, चढवा. शाफ्ट हाताने वर-खाली हलवूनही बघा. बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) असेल तर सीलचा दोष नाही, बेअरिंग बदला.

मेसी ३५ इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनायची, त्यामुळे मापं इंचातली. दुकानदार ‘जवळपास बसतंय’ म्हणत मिलिमीटरचं सील पुढे करेल, घेऊ नका. आणि माप झिजलेल्या सीलचं नको, शाफ्टचं आणि खोबणीचं घ्या.

बसवताना सीलच्या ओठामागच्या बारीक स्प्रिंगची बाजू तेलाकडे. स्प्रिंगवर थोडं ग्रीस भरा, म्हणजे ठोकताना ती निसटत नाही. ठोकायला सीलच्या कडेएवढा पाइपचा तुकडा घ्या. थेट हातोडी मारली की सील वाकडं बसतं. शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे उभ्या दात्यांवर, पातळ टेप गुंडाळा, नाहीतर ते धारदार दाते नवा कोरा ओठ कापतात. गळती लगेच सुरू होते आणि बोल मात्र सीलच्या कंपनीला बसतात.

तेलाने भिजलेली क्लच प्लेट पेट्रोलने धुऊन परत घालू नका. नांगराला लावली की स्लिप होतेच. ट्रॅक्टर उघडाच आहे तर रिलीज बेअरिंग (क्लच दाबल्यावर तो सोडवणारं) बदला आणि फ्लायव्हीलच्या मागे इंजिन ऑइलचा ओलावा आहे का तेही बघा. असेल तर तेही सील आत्ताच बदलून घ्या.