फराळाचे डबे भरण्याआधी, घरातल्या कुत्र्यासाठी

फराळाला हात घालण्याआधी कुत्र्याचं वजन करा आणि तो आकडा फ्रिजवर चिकटवा. नको ते खाल्लं तर डॉक्टरांना तोच आधी लागतो, कारण किती खाल्लं म्हणजे धोका हे वजनावरच ठरतं. त्याखाली त्यांचा नंबर लिहा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुठला दवाखाना उघडा असेल, तेही आजच विचारून घ्या.

आता चिवडा. तो सगळ्यात वरच्या फळीवर गेला पाहिजे. त्यात मनुका असतात, कित्येक घरी तळलेला कांदा आणि लसूणही. मनुकांनी, तशीच द्राक्षांनीही, कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कुणाला किती बाधतील ते आधी सांगता येत नाही, म्हणून ‘दोनच तर दिल्या’ असं करू नका. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो कच्चा असो, तळलेला असो वा मसाल्यातली पूड. 10 किलोच्या कुत्र्याला 50 ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदासुद्धा बाधू शकतो. शिवाय लक्षणं काही दिवसांनी दिसतात. तोवर भाऊबीज उरकलेली असते आणि चिवडा कुणाच्या लक्षातही नसतो.

करंजीच्या सारणात मनुका असतील तर तो डबाही वरच. चकली-शेव फार झाली तर तेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. भेट आलेली चॉकलेटं टीपॉयवर नकोत. जितकं काळं तितकं घातक. शुगर-फ्री मिठाईचं वेष्टन मात्र नीट वाचा. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) असेल तर ती कपाटात बंद करा, कारण त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभरात धोकादायक खाली येऊ शकते.

खरी तयारी माणसांची. समोर टक लावून बसलेल्या जिवाला न देता खाणं आजीला जमत नाही, आणि तिची ती माया मला फार मोलाची वाटते. तिला नुसतं ‘देऊ नका’ म्हणू नका. तिच्या हाताशी एक वेगळी वाटी ठेवा: उकडलेला लाल भोपळा, गाजर, बिया काढलेलं सफरचंद, थोडा बिनमिठाचा भात. हे सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच असावं. पाहुण्यांना आणि मुलांनाही तीच वाटी दाखवा.

कचऱ्याचा डबा घट्ट झाकणाचा घ्या. शिजलेली हाडं त्यातून बाहेर आली, तर त्यांच्या कपच्या आतड्यात रुतू शकतात.

एवढं करूनही काही पोटात गेलंच, तर लक्षणांची वाट पाहू नका. वेष्टन हातात घेऊन लगेच फोन करा, आणि मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका.