प्युरिटन आणि ज्ञानोदय : अमेरिकन साहित्याच्या पेपरला बसणाऱ्यांसाठी

एम.ए. इंग्रजीच्या अमेरिकन साहित्याच्या पेपरात प्युरिटन (कडक आचाराच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) आणि ज्ञानोदयकालीन (Enlightenment, म्हणजे अठराव्या शतकातल्या बुद्धिवादी चळवळीच्या) धर्मविचारांची तुलना विचारली की बहुतेकांच्या उत्तरपत्रिकेत दोन रकाने आखले जातात : डावीकडे श्रद्धा, पाप आणि नरक, उजवीकडे बुद्धी, विज्ञान आणि प्रगती. हे रकाने बाजारातल्या गाइडांतून येतात आणि, स्पष्टच लिहितो, वर्गात वर्षानुवर्षे तीच टिपणे उतरवून देणाऱ्या प्राध्यापकांकडूनही येतात. त्यांच्या बळावर पास होता येते; मात्र मूळ पाठातला उतारा देऊन त्यावर भाष्य मागितले की ते कुचकामी ठरतात.

कालक्रमच पाहा. डाव्या रकान्यातल्या धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्‌सचा जन्म १७०३ चा आणि उजव्या रकान्यातल्या लेखक-मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनचा १७०६ चा, त्यामुळे एक युग संपून दुसरे सुरू झाले ही मांडणी इथे टिकत नाही. १७४१ साली एनफील्ड येथे पापी माणसाला आगीवर धरलेल्या कोळ्याची उपमा देणाऱ्या एडवर्ड्‌सने ज्ञानोदयाचे आधारस्तंभ मानले जाणारे तत्त्वज्ञ लॉक आणि शास्त्रज्ञ न्यूटन बारकाईने वाचले होते. १७२१ साली बोस्टनमध्ये देवीची साथ आली तेव्हा टोचणीचा पुरस्कार कॉटन मॅदर या प्युरिटन धर्मोपदेशकाने केला, तर विरोधकांत फ्रँकलिनच्या थोरल्या भावाचे वृत्तपत्र होते. उजवा रकाना म्हणजे नास्तिकता असेही समजू नये, कारण ज्याच्यावर तो शिक्का हमखास मारला जातो त्या राजकीय लेखक टॉमस पेनने १७९४ च्या ‘द एज ऑफ रीझन’ या ग्रंथात आपण एका ईश्वराला मानतो असे आरंभीच सांगितले आहे.

मग खरा फरक कुठे आहे? माझ्या मते तो आत्मपरीक्षणाच्या रीतीत आहे. एडवर्ड्‌सने ऐन तारुण्यात स्वतःसाठी ७० संकल्प लिहिले, परंतु ईश्वराच्या साहाय्यावाचून आपल्याला काहीच साधणार नाही ही कबुली त्याने त्यांच्या आधीच देऊन ठेवली. फ्रँकलिनने १३ सद्‌गुण निवडले, छोट्या वहीत तांबड्या शाईने सात वारांचे सात स्तंभ आखले आणि जिथे चुकलो तिथे काळा ठिपका द्यायचा असे ठरवले. प्रार्थना त्यानेही लिहिली होती. तरीही ठिपके पुसले जाणार ते मुख्यतः स्वतःच्या सवयीने, हा त्याचा भरवसा होता. एडवर्ड्‌सच्या दृष्टीने दोष हा माणसाच्या पतित (जन्मतःच पापी) स्वभावाचा पुरावा असून तो ईश्वरी कृपेवाचून जात नाही. नम्रतेविषयी दोघे काय लिहितात ते शेजारी ठेवून वाचा : एडवर्ड्‌सला आपल्यातला गर्व अखेरपर्यंत छळतो, तर ही नम्रता प्रत्यक्षात फारशी साधली नाही, तिचा देखावा मात्र बऱ्यापैकी जमला, असे फ्रँकलिन मिस्कीलपणे नोंदवतो.

एडवर्ड्‌सची लांबच लांब वाक्ये पहिल्या वाचनात कळली नाहीत तर धीर सोडू नये. मलाही ती आजतागायत दोनदा वाचावी लागतात. वेळ थोडा असल्यास फ्रँकलिनच्या आत्मचरित्राचा १७८४ मध्ये पॅरिसजवळच्या पासी येथे लिहिलेला दुसरा भाग आणि एडवर्ड्‌सचे आत्मनिवेदन (Personal Narrative) एवढेच मुळातून वाचावे, आणि उत्तराचा आरंभ व्याख्यांऐवजी त्या वहीपासून करावा.