सावलीतली मोठी पानं: या चुका टाळा

पुण्यात आमचं घर तळमजल्यावर आहे. मागे जेमतेम दहा फुटांचा पट्टा, त्यावर एक जुना आंबा. फुलझाडांचे सगळे प्रयोग फसल्यावर मी तिथे मोठ्या पानांकडे वळले: अलोकेशिया, कॅलेडियम, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, डायफेनबेकिया. नावं परदेशी वाटली तरी ही सगळी आपल्या वडीच्या अळूच्याच कुळातली. आठ वर्षांत यातली बरीच झाडं मी मारली. त्यातली सावलीने मेलेली फार थोडी, बाकीची पाण्याने.

वार लावून पाणी घालणं

माझा पहिला अलोकेशिया एका जुलैत गेला. खालचं एक पान पिवळं पडलं, मी पाणी घातलं. दुसऱ्या पानाने मान टाकली, मी आणखी घातलं. तिसऱ्या पानाला कुंडी उलटी केली, तर तुंबलेल्या मोरीसारखा वास आला. मूळ चिमटीत धरून ओढलं की साल निसटून हातात यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून ते तहानेल्यासारखंच दिसतं आणि आपण त्याला पुन्हा पाजतो.

सावलीत ऊन नाही, वारा कमी, त्यामुळे झाड पाणी पितंच सावकाश. गच्चीवरच्या गुलाबाला पाणी घालताना याही कुंड्यांत झारी फिरवायची, हे चालत नाही. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर झारी खाली ठेवा. हात बसला की नुसती कुंडी किंचित उचलूनही कळतं.

त्या कुंडीतून एक गोष्ट मात्र मिळाली. मुळांना लगडलेले हरभऱ्याएवढे तपकिरी कंद होते. ते ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ठेवले आणि काही आठवड्यांनी त्यांतल्या तिघांना कोंब आले. म्हणून मेलेला अलोकेशिया फेकण्याआधी माती चाळून बघा.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर घालायचा सल्ला आपल्याकडे प्रत्येकजण देतो. मीही वर्षानुवर्षं घातला. गोम अशी की बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती गच्च भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे खड्यांमुळे चिखलाचा थर उलट मुळांजवळ वर सरकतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. मेहनत मातीवर घ्या. मी लाल माती एक भाग, कुजलेला पालापाचोळा किंवा गांडूळखत एक भाग आणि उरलेल्या भागात कोकोपीट, भाताचं तूस, विटांची बारीक खडी असं मिसळते. नर्सरीच्या पिशवीतला चिकट मातीचा गोळा तसाच कुंडीत बसवला, तर बाहेरची माती कितीही चांगली असली तरी आतला गोळा ओलाच राहतो. तो हलक्या हाताने मोकळा करा. आणि ‘पुढे मोठं होईलच’ म्हणून एवढ्याशा रोपाला घंगाळाएवढी कुंडी देऊ नका. मुळं पोचत नाहीत तिथली माती नुसती आंबते.

शेजारच्या काकू एकदा सकाळी म्हणाल्या, “अगं, तुझ्या झाडाला घाम फुटलाय बघ!” पानाच्या टोकाशी थेंब लोंबत होता. रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी झाड असं बाहेर टाकतं. तो रोग नाही. पण रोज सकाळी खाली थारोळं दिसत असेल, तर पाण्याचा हात जरा आवरा.

‘उत्तरेला ऊन येत नाही’

हे डिसेंबरात खरं आहे. पण मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावरून जातो. त्यानंतर जुलैअखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळची उन्हं तर मार्चअखेरपासूनच उत्तरेकडे सरकू लागतात. हिवाळ्यात गुडूप सावलीत असलेल्या उत्तरेच्या गॅलरीत मे महिन्यात चारच्या सुमाराला तिरकं ऊन घुसतं आणि सावलीची सवय झालेलं पान एका दुपारीत भाजतं. मधोमध पांढरट, कागदासारखा डाग पडतो, तो पुन्हा हिरवा होत नाही. नवी जागा ठरवताना निदान एक उन्हाळा कुंड्या हलवता येतील अशाच ठेवा, किंवा ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी हाताशी असू द्या.

उलटी चूकही तितकीच होते. सावली म्हणजे जिन्याखालचा अंधार नव्हे. दुपारी पांढऱ्या कागदावर फूटभर उंचीवर हात धरा. धूसर का होईना, सावली दिसली तर जागा चालेल. काहीच दिसलं नाही तर तिथे झाड फक्त तग धरेल. देठ लांबतील आणि पानं लहान होत जातील. मॉन्स्टेराच्या पानांना फाटे फुटत नाहीत ही तक्रार बहुधा इथलीच असते. मूळच्या मेक्सिकोतल्या जंगलात ही वेल झाडाच्या बुंध्यावर चढते. उजेड, वय आणि चढायला आधार मिळाल्याशिवाय तिच्या पानांना फाटे फुटत नाहीत. तिला काथ्या गुंडाळलेली काठी, म्हणजे मॉस स्टिक, द्या, आणि हवेत लोंबणारी मुळं ‘घाण दिसतात’ म्हणून कापू नका.

कर्दळ मोठ्या पानांची असली तरी ती उन्हाचीच. क्रोटनचे रंगही सावलीत उतरतात. यांना इथे आणून उगाच छळू नये.

आंब्याखाली खड्डे खणणं

आंब्याची अन्न घेणारी मुळं मातीच्या वरच्या थरात जाळ्यासारखी पसरलेली असतात. तुम्ही खड्डा खणून शेणखत घातलंत, तर वर्षभरात ते आंब्याने खाल्लेलं असतं आणि फिलोडेंड्रॉन जागच्या जागी. शिवाय मुळं तुटून आंब्यालाही त्रास. तिथे कुंड्याच ठेवाव्यात आणि त्यांच्या भोवती पडलेला पाला तसाच राहू द्यावा. कुंडी थेट मातीवर टेकवू नका, विटा द्या, नाहीतर भोकातून आंब्याची मुळं आत शिरतात.

थोडक्यात आणखी काही

पानं चमकावी म्हणून दूध किंवा खोबरेल चोळू नका. त्यावर धूळ बसते आणि पान कोंडतं. ओलं फडकं पुरतं. उजेड कमी तिथे खतही कमी. युरियाने देठ लुसलुशीत होतात आणि पहिल्या पावसात लोळतात. पानांच्या कडा तपकिरी पडत असतील आणि पाणी बोअरचं असेल, तर क्षार साठले असणार. पावसाळ्यात एकदा-दोनदा कुंडी भर पावसात ठेवून धुऊन निघू द्या.

फेब्रुवारी ते मे हा लाल कोळी या बारीक, रस शोषणाऱ्या किडीचा हंगाम. पानावर बारीक फिकट ठिपके दिसले की पान उलटून बघा. जाळी असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने खालची बाजू धुवा, दर तीन-चार दिवसांनी. पावसात मग शंखी गोगलगाई येतात. ही मूळची पूर्व आफ्रिकेतली, १८४७ मध्ये कोलकात्यात आणली गेली आणि पुढे देशभर पसरली. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी पसरा. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. मीठ मातीवर टाकू नका.

छाटणीचा चीक हाताला लागला तर खाज सुटते. या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून तर आपण अळवाच्या फदफद्यात चिंच घालतो. पण चिंच घालून शोभेचा अळू खाण्याजोगा होत नाही. तो वडीच्या अळूशेजारी लावूच नका, घाईत कोणीही फसेल. घरात रांगतं मूल असेल तर डायफेनबेकिया उंचावर ठेवा.

मेलं समजून फेकून देणं

पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास येतो. कॅलेडियमची पानं त्याआधीच एकेक करून आडवी होतात आणि कुंडी रिकामी दिसते. अलोकेशियाही कधी कधी एका पानावर येतो. कंद आत झोपलेला असतो. पाणी जवळजवळ बंद करून कुंडी कोपऱ्यात सरकवा. ऊन तापू लागलं की मार्च-एप्रिलात नव्या पानाची सुरळी वर येते. याच काळात दया येऊन पाणी घातलं तर कंद कुजतो.

दोन वर्षांपूर्वी माळीकाकांनी अशा चार ‘रिकाम्या’ कुंड्यांची माती झेंडूसाठी वापरून टाकली. त्यांची चूक नव्हती, मी सांगितलंच नव्हतं. आता दिवाळीनंतर मी प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमची काडी खोचते, त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं असतं: ‘आत कंद आहे.’ पेनाची शाई पावसात जाते, पेन्सिल राहते.