घट्ट पिळाच्या केसांसाठी स्ट्रेटनर कसा निवडावा

केस जितके कुरळे तितका स्ट्रेटनर जास्त तापणारा हवा, असं दुकानात सांगतात. खोक्यावरही '230 अंश' हा आकडा सगळ्यात मोठा छापलेला असतो. आफ्रिकी वळणाच्या केसांसाठी, म्हणजे स्प्रिंगसारख्या बारीक पिळाच्या किंवा नागमोडी दुमडत जाणाऱ्या केसांसाठी, या आकड्यावर भुलून केलेली खरेदी हमखास फसते. या केसांसाठी पाहायची गोष्ट एकच: बटेवरून एकदा फिरवला की काम झालं पाहिजे, तेही 200 अंशांच्या आत. खाली जे जे तपासायला सांगितलं आहे ते याच एका गोष्टीसाठी.

अमेरिकी टीव्ही सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्री यांचे केशरचनाकार अँड्रे वॉकर यांनी 1990च्या दशकात केसांचे चार प्रकार मांडले. त्यातला चौथा प्रकार या केसांचा. 4सी हा त्यातला सर्वांत घट्ट पोटप्रकार लोकांनी नंतर जोडला. भारतात असे केस सिद्दी समाजात दिसतात, आणि पुण्यात शिकायला येणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांचेही असतात. पार्लरमधला हात मात्र बहुधा सरळ आणि लहरी केसांवर बसलेला असतो. म्हणून स्वतःचं यंत्र स्वतः पारखून घेतलेलं बरं.

आधी केस ओळखा

डोक्यावरचा घेर दाट दिसला म्हणजे एकेक केस जाड असतोच असं नाही. चौथ्या प्रकारात तर पुष्कळदा उलटंच असतं: केस दाट, पण एकेक तंतू अगदी बारीक. गळालेला एक केस अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून हळूच चोळा. हाताला जेमतेम लागला तर बारीक, शिलाईच्या दोऱ्यासारखा स्पष्ट जाणवला तर जाड. डोक्याच्या तीन-चार भागांतले केस असे पाहा, कारण कपाळाच्या कडेचे आणि मानेवरचे केस एकसारखे नसतात.

हा तंतू गोल नसून चपटा असतो आणि जागोजागी वळतो. प्रत्येक वळण हा एक कच्चा सांधा. शिवाय टाळूवरचं नैसर्गिक तेल पिळावरून शेंड्यापर्यंत उतरत नाही, त्यामुळे शेंडे कायम कोरडे राहतात. म्हणून तापमान शेंड्यांचा विचार करून ठरवायचं.

साधारण अंदाज असा धरा: बारीक, रंगवलेल्या किंवा पांढऱ्या केसांना 150 ते 165 अंश सेल्सियस, मध्यम केसांना 170 ते 185, निरोगी जाड केसांना 185 ते 200. सव्वादोनशे अंशांच्या मागेपुढे कोरड्या केसातल्या केराटिनची, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याची, घडणच कोसळू लागते. खोक्यावरचे ते 230 अंश मुख्यतः पार्लरमधल्या केराटिन ट्रीटमेंटसाठी असतात, रोजच्या वापरासाठी नव्हेत. आणि केसांवर रिलॅक्सर म्हणजे सरळ करणारं रसायन लावलेलं असेल तर वरचे आकडे तुमच्यासाठी नाहीत. त्या केसांना उष्णता जितकी टाळता येईल तितकी टाळा.

तापमानाचं बटण

आकडा दाखवणारा आणि पाच-दहा अंशांच्या टप्प्याने बदलता येणारा स्ट्रेटनरच घ्या. फक्त चालू-बंद बटण असलेला किंवा 'लो, मीडियम, हाय' एवढंच सांगणारा नको. त्यातलं 'हाय' म्हणजे किती, हे कळायला मार्ग नसतो. एकाच ठरलेल्या तापमानाची काही महागडी यंत्रं 185 अंशांवर चालतात. मध्यम केसांना ती ठीक, पण बारीक केसांसाठी खाली येण्याची सोय त्यांत नाही.

अमेरिकेहून आलेल्या यंत्रावर आकडे फॅरेनहाइटमध्ये असतात. 300 म्हणजे सुमारे 149 अंश सेल्सियस, 350 म्हणजे 177, 400 म्हणजे 204 आणि 450 म्हणजे 232. तिकडचा 400चा सल्ला वाचून इकडे तापमान नीट न बघता बटण शेवटपर्यंत नेलं की घोटाळा होतो.

प्लेट कशाची, किती रुंद

सिरॅमिक, टायटॅनियम आणि टूर्मलिन ही तीन नावं सगळीकडे दिसतील. टूर्मलिन म्हणजे वेगळी प्लेट नव्हे, सिरॅमिकमध्ये मिसळलेली किंवा वरून चढवलेली खनिजाची पूड. केस उडून चिकटणं थोडं कमी होतं, एवढाच तिचा उपयोग.

खरी निवड सिरॅमिक की टायटॅनियम ही. टायटॅनियम झटपट तापतं आणि उष्णता केसाला भराभर देतं. जाड केसांवर, सराईत हाताने एका फेरीत काम उरकतं. पण हात क्षणभर थांबला की तिथे केस करपलाच. सिरॅमिक जरा सावकाश तापतं, पण पूर्ण प्लेटभर सारखं तापतं, आणि घरी स्वतःच्या डोक्यावर करणाऱ्याला तेच सोयीचं. बारीक केस किंवा नवशिका हात असेल तर सिरॅमिकच घ्या.

त्यातही भेद आहे. स्वस्त यंत्रांत ॲल्युमिनियमच्या प्लेटवर सिरॅमिकचा पातळ थर असतो. नॉनस्टिक तव्यासारखा तो कालांतराने उडतो, आणि उघड्या पडलेल्या खरबरीत जागी केस अडकून तुटतात. खोक्यावर 'सिरॅमिक कोटेड' लिहिलं असेल तर हा थराचा प्रकार आहे हे समजून घ्या. घेऊ नका असं नाही, पण प्लेटवर पहिला ओरखडा दिसला की त्या यंत्राला निरोप द्या.

रुंदीत सहसा चूक होते ती जास्त रुंद घेण्याची. 25 मिलिमीटर, म्हणजे एक इंच रुंदीची प्लेट बहुतेकांना पुरते, कारण ती मुळांच्या जवळ पोहोचते. घट्ट पिळाच्या केसात सगळी लढाई मुळांशीच असते. ताणल्यावर खांद्याखाली जाणारे दाट केस असतील तरच 38 मिलिमीटरचा विचार करा. तीन-चार इंचांचे आखूड केस आणि कपाळाची कड यांसाठी अर्ध्या इंचाची, पेन्सिलीसारखी सडपातळ प्लेट मिळते. रुंद प्लेट तिथे फक्त कान आणि टाळू भाजते.

लांबी मोजताना केस ताणून मोजा. सुटा असताना आठ-दहा सेंटीमीटर दिसणारा केस ताणल्यावर तीस भरू शकतो.

दुकानात हातात घेऊन करायच्या तीन परीक्षा

पहिली कागदाची. यंत्र बंद आणि गार असताना प्लेटांमध्ये वर्तमानपत्राची एक पट्टी धरा आणि ओढा. टोकाला, मध्ये आणि मुठीकडे, तिन्ही ठिकाणी पकड सारखी लागली पाहिजे. एकीकडे पट्टी सहज निसटली तर तिथे केसही निसटणार. मग तुम्ही तीच बट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फिरवणार. तवा मध्ये लालबुंद आणि कडेला गार असला की भाकरीचं जे होतं तेच इथे बटेचं.

दुसरी बोटाची. प्लेट अंगठ्याने दाबून पाहा. ती किंचित आत दबून परत वर आली पाहिजे. अशी तरती प्लेट केसाच्या जाडीनुसार जुळवून घेते. घट्ट बसवलेली प्लेट दाट बट चिमटते, आणि पातळ बटेला धड लागतच नाही. त्याच वेळी कडांवरूनही बोट फिरवा. कडा गोलसर हव्यात. धारदार कडेमुळे बटेवर आडवी घडी पडते, आणि ती धुतल्याशिवाय जात नाही.

तिसरी परीक्षा यंत्र चालू करून. दुकानदार तयार नसेल तर परत करण्याची मुदत विचारून घ्या आणि ही घरी करा. 180 अंशांवर लावा, तापल्यावर आणखी दोन मिनिटं थांबा आणि पांढरा टिश्यू पेपर प्लेटांमध्ये पाच सेकंद धरा. कागद पिवळा पडला तर आकडा खोटा आहे, आत तापमान जास्त आहे. एकाच जागी तपकिरी डाग उठला तर प्लेट असमान तापते. चुलीवर तापवलेल्या प्रेसिंग कंगव्याने केस सरळ करण्याच्या दिवसांपासून कागदाची ही युक्ती चालत आली आहे. इन्फ्रारेड थर्मामीटरवर मात्र इथे विसंबू नका. चकचकीत धातूवर तो बरेचदा चुकीचा, कमी आकडा दाखवतो.

वाफ, ओले केस आणि ब्रश

'ओल्या केसांवर चालतो' असं लिहिलेला स्ट्रेटनर घट्ट पिळाच्या केसांसाठी घेऊच नका. केसातलं पाणी तापलेल्या प्लेटखाली उकळून वाफ होतं आणि बाहेर पडायला जागा न मिळाल्याने केसाच्या आत फुगे धरतं. असा केस फुग्याच्या जागी मोडतो. 'चर्र' असा आवाज आला तर तो पाण्याचा असतो, तिथेच थांबा.

टाकीत पाणी भरायचे वाफेचे स्ट्रेटनर हा वेगळा प्रकार. ते केस कमी तापमानाला वळवतात हे खरं, पण बोअरिंगचं जड पाणी घातलं तर वाफेची भोकं क्षाराने बुजतात. फक्त डिस्टिल्ड पाणी वापरणार असाल तरच त्या वाटेला जा. गरम ब्रशने मुळं नीट सरळ होत नाहीत. फुगलेले केस थोडे खाली बसवायला तो ठीक.

व्होल्टेज आणि वायर

परदेशातून कोणी भेट म्हणून आणलेल्या यंत्राची पाठ वाचा. तिथे '100–240 व्होल्ट' असेल तर भारतात फक्त पिनचा ॲडॉप्टर लागतो. नुसतं '120 व्होल्ट' असेल तर इथल्या 230 व्होल्टवर त्यातून जवळजवळ पावणेचार पट वीज खेचली जाते. काही क्षणांत यंत्र जळतं, वाईट म्हणजे हातातच. दोन पिनांचा ॲडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही.

वायर निदान दोन-अडीच मीटर आणि मुठीपाशी गोल फिरणारी घ्या. दाट केसांचं काम दीड-दोन तास चालतं, तेवढा वेळ पीळ खाणारी वायर आतून तुटते. आपोआप बंद होण्याची सोय असेल तर चांगलंच, पण तिचा वेळ किती ते विचारा. पंधरा मिनिटांत बंद पडणारं यंत्र मध्येच गार होऊन त्रास देतं.

घेतल्यावर पहिली चाचणी, एकाच बटेवर

नवं यंत्र सगळ्या डोक्यावर एकदम चालवू नका. मानेजवळची, न दिसणारी एक बट निवडा.

केस शाम्पूने धुऊन, कंडिशनर लावून, ताण देत ड्रायरने पूर्ण वाळवा. पूर्ण म्हणजे मुळांशीसुद्धा. उष्णतेपासून बचाव करणारं सिलिकॉनयुक्त सीरम किंवा स्प्रे घ्या. घटकांच्या यादीत डायमेथिकोन हे सिलिकॉन असेल तर उत्तम. स्प्रे असेल तर केस पुन्हा कोरडे होईपर्यंत थांबा. खोबरेल तेल लावून स्ट्रेटनर फिरवू नका: न शुद्ध केलेलं खोबरेल 177 अंशांच्या आसपास धूर सोडू लागतं, आणि 185 वर तुम्ही केस अक्षरशः तळत असता.

बट एक सेंटीमीटरहून जाड नको. तापमान तुमच्या गटातल्या सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवा. बारीक दातांचा कंगवा मुळाशी लावा, त्याच्या मागोमाग स्ट्रेटनर, आणि दोघे एकाच वेगाने शेंड्यापर्यंत आणा. कंगवा गुंता सोडवतो, प्लेट लगेच त्यावरून जाते. मध्ये थांबायचं नाही. तीस सेंटीमीटरच्या बटेला सात-आठ सेकंद पुरतात.

एका फेरीत बट सरळ झाली नाही तर लगेच तापमान वाढवू नका. आधी बट निम्मी करा. मग ड्रायरने केस पुरेसे ताणले होते का ते पाहा, कारण नव्वद टक्के सरळपणा तिथेच यायला हवा. तरीही जमलं नाही तर पाच-दहा अंश वाढवा. गटाच्या वरच्या टोकालाही दोन-तीन फेऱ्या लागत असतील तर दोष यंत्राचा आहे: केस लागताच त्याची प्लेट गार होते आणि वेळेवर परत तापत नाही. ते परत करा.

शेवटी तीच बट पाण्याने चिंब भिजवा. सरळपणा केसातल्या हायड्रोजन बंधांवर टिकलेला असतो आणि पाणी ते बंध सोडतं. कोकणातल्या दमट हवेत केस तासाभरात फुगतात ते याच कारणाने, त्यात स्ट्रेटनरचा दोष नाही. भिजलेल्या बटेचा पीळ दहा मिनिटांत शेजारच्या केसांइतका परतला तर यंत्रही योग्य आणि तापमानही. मुळाशी पीळ आणि शेंड्याला सरळ दोरा उरला तर तेवढा भाग जळला आहे. कुठल्याही तेलाने किंवा मास्कने तो परत वळत नाही, कापावाच लागतो. पुढच्या बटेला 15 अंशांनी खाली या. तिथेही पीळ परतला नाही, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत यंत्र दुकानात पोहोचवा.